मोबाईल काढून घेतला की आदळआपट, मोठ्याची उलट उत्तरं: नेमकं काय बदलावं?

पायरी

दोन मुलं आहेत, धाकटी ४ वर्षांची आणि मोठा ९ वर्षांचा. घरात टीव्ही आहे, मोठ्यांचे मोबाईल आहेत, शाळेच्या कामासाठी एक टॅब आहे. त्यामुळे "सगळं बंद करून टाका" हा सल्ला कितीही बरोबर असला तरी पेलणारा नाही. अडचणी अशा:

१. धाकटीच्या हातातून मोबाईल घेतला की ती जमिनीवर लोळून रडते. "पाच मिनिटं राहिली" असं आधी सांगितलं तर रडणं पाच मिनिटं आधी सुरू होतं, एवढाच फरक.

२. मोठ्याला हाक मारली तर तो मान वर करत नाही. व्हिडिओंमधली टाकून बोलायची भाषा घरात येते, "तुला काय कळतंय" इथपर्यंत.

३. वेळापत्रक भिंतीवर लागतं, थोडे दिवस चालतं, मग कुणीच पाळत नाही. आम्हीही नाही.

४. आजी-आजोबांना रडणं बघवत नाही, ते स्वतःचा फोन देतात.

किती वेळ द्यावा, बंद कसं करावं, बोलणं कसं सुधारावं आणि कुठलं लॉक खरंच टिकतं, हे कुणी नेमकेपणाने सांगाल का? ओरडलं की तेवढ्यापुरतं सगळं सरळ होतं, पण मुलांनी धाकानं वागावं असं वाटत नाही.

आरंभशाळा

पहिल्या अडचणीपासून सुरुवात करते. ती हलकी झाली की बाकीच्यांना हात घालायला ताकद उरते.

धाकटीच्या रडण्याचं कारण तिच्या स्वभावात शोधू नका. मैदानी खेळ दम लागला की थांबतो, पुस्तकाचं शेवटचं पान येतं. व्हिडिओंच्या रांगेला शेवट ठेवलेलाच नसतो. एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक वेळी शेवट करतो तो मोठा माणूस, आणि तोही अधेमधे, गोष्ट रंगात आलेली असताना. चार वर्षांच्या मुलीला पाच मिनिटं म्हणजे किती हे उमगत नाही. तिला एवढंच कळतं की आता हे हिसकावलं जाणार. म्हणून तुमचा इशाराच रडण्याची सुरुवात ठरतो.

यावर उपाय म्हणजे शेवट सुरुवातीलाच ठरवणं, आणि मिनिटांऐवजी भागांत मोजणं. "आज दोन गोष्टी, मग टीव्ही बंद" हे तिला मोजता येतं. एक भाग ७ ते १२ मिनिटांचा असेल असे कार्यक्रम निवडा, म्हणजे दोन भाग वीस-पंचवीस मिनिटांत बसतात. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद हवाच. तो चालू असेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. शक्यतो मोबाईल न देता टीव्हीवर दाखवा. पडदा लांब राहतो, हातात घेऊन पुढे सरकवता येत नाही, आणि ती काय बघतेय हे घरातल्या सगळ्यांना दिसतं.

मग शेवटाची कृती. दुसरा भाग संपायला दोनेक मिनिटं असताना स्वयंपाकघरातून आवाज देऊ नका, तिच्या शेजारी येऊन बसा. पडद्यावर जे चाललंय त्याबद्दल एक प्रश्न विचारा: "हा आता कुठे निघालाय?" तिनं उत्तर दिलं म्हणजे ती गोष्टीतून थोडी बाहेर तुमच्याकडे आली. भाग संपला की बंद करायचं बटण तिनं स्वतः दाबायचं. हे छोटं वाटतं, पण थांबवणारा हात तिचा असला की हिसकावल्याची भावना बरीच कमी होते. आणि पुढचं काम आधीच समोर मांडलेलं असू दे: रंग आणि कागद काढून ठेवलेले, चपला दारात, टबात पाणी भरलेलं. "आता काय करू या?" असं विचारलंत तर उत्तर "अजून एक" हेच येणार.

तरीही रडली तर? रडू द्या, जवळ बसा आणि कमीत कमी बोला. "तुला अजून बघायचं होतं. आजच्या दोन झाल्या." बस. समजावणं, लालूच, धमकी, तीनही टाळा. रडण्याच्या भरात लहान मुलाला युक्तिवाद ऐकू येत नाही, आणि तुम्ही बोलत राहिलात की बोलणी अजून चालू आहेत असं त्याला वाटतं.

आता नीट लक्षात ठेवण्याची गोष्ट. रडण्याला यश मिळणं बंद झालं की रडणं आधी वाढतं, मग कमी होतं. वाढण्याचा हा टप्पा बहुतेक घरांत काही दिवस टिकतो, आणि नेमकी तिथेच घरं हार मानतात. चौथ्या दिवशी अर्धा तास रडल्यावर फोन मिळाला तर ती शिकते की अर्धा तास रडायचं असतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरं आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हेच दिसलं होतं: बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसेल तर सवय जास्त चिवट होते. रील्स सरकवत राहण्यामागे हेच तत्त्व आहे, पुढची मजेशीर निघेल कदाचित. आणि "कधी कधी फोन मिळतो" या घरच्या नियमामागेही तेच आहे. म्हणून ढिला नियम हा कडक नियमापेक्षा मुलाला जास्त त्रासाचा असतो. दोन भाग परवडत नसतील तर एक ठेवा, परवडत असतील तर तीन ठेवा, पण ठरलेला आकडा रडण्यानं हलता कामा नये.

किती वेळ, याचं उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. मोठ्यासाठी असा एकच आकडा नाही. तिथे उलटा हिशोब करा. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, दिवसाकाठी निदान ६० मिनिटं घाम येईल इतकं खेळणं हवं, शिवाय शाळा, अभ्यास, जेवण, घरातलं एखादं काम, आणि थोडा काहीही न करण्याचा वेळ. हे सगळं बसवून जे उरेल त्यातून स्क्रीन. बहुतेक शाळेच्या दिवशी पाऊण ते एक तास उरतो.

एक गोष्ट मात्र आजपासून थांबवा: रडं शांत करायला फोन देणं. दवाखान्यातली रांग, लांबचा प्रवास अशा वेळी दिला तर आभाळ कोसळत नाही, पण तो रडण्याआधी, ठरवून द्या. राग, कंटाळा, रुसवा यातून स्वतःहून सावरण्याचा सराव याच वयात होतो. दर वेळी पडदा समोर आला की सराव राहून जातो, आणि मग सात-आठ वर्षांचं मूल साध्या नकारानंही कोलमडतं.

तंत्रसोबती

लॉकबद्दल लिहितो. आधी हे मान्य करू या की लॉक मुलाला वळण लावत नाही. तो फक्त रोजच्या भांडणांची संख्या कमी करतो, आणि तेवढ्यासाठी तो नीट लावण्यासारखा आहे.

ॲन्ड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक, आयफोन-आयपॅडवर सेटिंग्जमधला स्क्रीन टाइम. दोन्हींत रोजची मर्यादा, ॲपनिहाय मर्यादा, झोपेच्या वेळी आपोआप बंद आणि नवीन ॲपसाठी पालकांची परवानगी, हे चारही आहे. टॅबवर मुलाचं वेगळं खातं उघडा, त्याचं खरं जन्मवर्ष टाका. घाईत पालकांच्याच खात्यावर टॅब सुरू केला जातो, आणि मग मोठ्यांना येणाऱ्या जाहिराती आणि सुचवण्या मुलाला दिसत राहतात. पुष्कळ तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

कुठे फसतं, ते महत्त्वाचं:

आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडायच्या पासकोडहून वेगळा ठेवला नाही, तर लॉक असून नसल्यासारखा. मर्यादा लावताना "मर्यादा संपल्यावर ब्लॉक करा" हा पर्याय चालू आहे ना ते बघा. तो बंद असेल तर मर्यादा संपल्याची सूचना येते आणि ती बाजूला सारून बघणं चालूच राहतं. ॲपला मर्यादा लावली पण ब्राउझर मोकळा सोडला, तर तेच व्हिडिओ ब्राउझरमध्ये दिसतात. टीव्हीवरचं यूट्यूब बहुतेक घरांत विसरलं जातं, तिथे मोठ्यांचंच खातं चालू असतं. आणि पिन: मुलाच्या समोर टाकला तर बोटांच्या हालचालीवरूनही तो पाठ होतो. जन्मतारीख, गाडीचा नंबर, १२३४ यांची तर चर्चाच नको.

धाकटीसाठी यूट्यूबचं मुख्य ॲप काढून यूट्यूब किड्स ठेवा, आणि त्यातही "फक्त मी मंजूर केलेलं" अशा अर्थाचा पर्याय निवडा. मग तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेल तेवढेच दिसतात, शोधण्याची सोय बंद होते. एकदा अर्धा तास बसून वीस-पंचवीस चांगले व्हिडिओ निवडून ठेवलेत तर ते बरेच दिवस पुरतात. या वयाची मुलं तेच तेच आनंदानं बघतात आणि तसं बघण्यातून शिकतातही. ॲपमध्ये स्वतःचा टायमर आहे. वेळ संपली हे ॲप सांगतं, त्यामुळे तुमच्यावरचा राग थोडा कमी होतो. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होणं आणि झलक आपोआप वाजणं, दोन्ही वेगवेगळे बंद करावे लागतात.

मोठ्यांचा फोन दोन मिनिटं द्यावाच लागला तर आयफोनवर गायडेड ॲक्सेस आणि ॲन्ड्रॉइडवर ॲप पिनिंग वापरा. मूल त्या एकाच ॲपमध्ये राहतं, मेसेज आणि पैशांच्या ॲपपर्यंत हात जात नाही. गेममधल्या खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड विचारला जाईल असं सेट करा आणि खात्याला कार्ड जोडून ठेवू नका.

या सगळ्यापेक्षा जास्त काम करतं ते चार्जरचं ठिकाण. सगळ्या उपकरणांचं चार्जिंग एकाच उघड्या जागी, बेडरूमबाहेर, झोपेच्या एक तास आधीपासून. मोठ्यांचे फोनही तिथेच. "अलार्मसाठी लागतो" ही सबब घरोघर असते, त्यावर साधं घड्याळ हा उपाय आहे.

शब्दवेध

मोठ्याच्या बोलण्याबद्दल.

मानसशास्त्रज्ञ बंडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो: मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बदडताना पाहिलेल्या मुलांनी पुढे तसंच केलं. पुढच्या प्रयोगांत तेच फिल्मवर दाखवलं, तरी परिणाम झाला. पण त्यातला कमी सांगितला जाणारा भाग तुमच्या कामाचा आहे. मारणाऱ्याला शिक्षा होताना पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मात्र "तो काय करत होता ते करून दाखव, बक्षीस मिळेल" म्हटल्यावर त्यांनाही ते जमलंच. म्हणजे पाहिलेलं शिकलं जातंच. ते बाहेर काढायचं की नाही हे ठरतं त्या वागण्याला पुढे काय मिळालं यावरून. तेव्हा मुलाचे व्हिडिओ निवडताना शिव्या आहेत का एवढंच बघू नका. एखाद्याचा पाणउतारा केल्यावर पुढे काय होतं ते बघा. हशा पिकतो? लाइक्स मिळतात? ज्याची फजिती केली त्याचा चेहरा दिसतो का? लोकांना घाबरवून किंवा फसवून केलेल्या प्रँकचे व्हिडिओ या कसोटीला हमखास नापास होतात, त्यात एकही शिवी नसली तरी.

घरात मात्र व्हिडिओवर वाद घालू नका. "त्या व्हिडिओमुळे बिघडलास" म्हटलं की तो व्हिडिओची बाजू घेणार आणि बोलण्याचा मुद्दा बाजूला राहणार. तो "तुला काय कळतंय" म्हणाला की तीन गोष्टी, याच क्रमानं:

पहिलं, थांबा आणि जवळ जा. दुसऱ्या खोलीतून दिलेलं उत्तर भांडणाचाच पुढचा भाग असतो. दुसरं, आवाज न चढवता: "हे पुन्हा सांग, नीट शब्दांत." तिसरं, त्याला शब्द सापडत नसतील तर वाक्य तुम्ही द्या: "आई, मला ते पटत नाहीये" किंवा "मला आत्ता बोलायचं नाहीये, थोड्या वेळानं बोलू?" त्यानं ते म्हटलं, कुरकुरत का होईना, की त्याच्या मूळ म्हणण्याला लगेच उत्तर द्या. नीट बोललं की ऐकलं जातं आणि टाकून बोललं की काम तिथेच अडतं, हे त्याला रोज दिसलं पाहिजे. पुष्कळ घरांत पहिला भाग होतो, पुन्हा बोलायला लावतात, आणि मग त्याच्या म्हणण्याकडे कुणी लक्षच देत नाही. मग मुलगा नीट का बोलेल?

नकार मात्र नकारच राहू शकतो. "छान विचारलंस, पण आज नाही" हे उत्तर पूर्ण आहे.

हाकेला उत्तर न देण्याबद्दल: गेममध्ये बुडालेलं मूल बऱ्याचदा खरोखर ऐकत नसतं, त्याचं सगळं लक्ष तिथे लागलेलं असतं. तीनदा लांबून हाका मारून चौथ्यांदा ओरडलं की तो शिकतो की पहिल्या तीन हाका सोडून द्यायच्या. एकदाच बोलवा, तेही जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, त्यानं बघेपर्यंत थांबून. गेम मध्येच सोडता येत नसेल तर "ही लेव्हल संपली की" हे मान्य करा, पण ती केव्हा संपेल हे आधी विचारून घ्या. काही गेममध्ये एक डाव वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त चालतो. असा डाव जेवणाआधी दहा मिनिटं सुरूच करायचा नाही, हा नियम सुरुवातीचा.

आणि तुमचा स्वतःचा फोन. मूल काही सांगत असताना तुम्ही पडद्याकडे बघत "हं, हं" म्हणत असाल, तर मान वर न करता उत्तर देणं तो घरातच शिकतोय. महत्त्वाचा मेसेज असेल तर मोठ्यानं सांगा: "मी एका कामाचं उत्तर लिहितेय, झालं की तुझ्याकडे बघते," आणि खरोखर बघा. मूल पडद्यामागचं काम बघू शकत नाही, त्याला फक्त वळवलेलं तोंड दिसतं.

पायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑटोप्ले आणि टीव्हीवरचं खातं आज रात्रीच बघते. दोन गोष्टी राहिल्या. आजी-आजोबांना कसं सांगावं, म्हणजे त्यांना दुखवणार नाही? आणि मोठा म्हणतो की वर्गातल्या सगळ्यांची सोशल मीडियावर खाती आहेत, गेममध्ये सगळे एकमेकांशी बोलतात, मग मलाच का नाही.

निंबोणी

आजी-आजोबांचं काम बऱ्याच घरी चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. "तुम्ही लाडावून ठेवता" म्हटलं की संपलंच. त्यांच्याकडे मूल रडत असताना करण्यासारखं दुसरं काही नसतं, ही खरी अडचण आहे. पाय दुखतात, मागे पळता येत नाही, मग हाताशी असतो तो फोन. तेव्हा नियम सांगण्याआधी त्यांच्या हाती काहीतरी द्या. बसल्या जागी होणारे खेळ एका डब्यात: पत्ते, सापशिडी, मणी ओवायचे, चिकटवायचे कागद, जुने फोटो. गोष्ट सांगणं तर त्यांना तुमच्याहून चांगलं येतं. डबा फक्त त्यांच्याच ताब्यात असू दे, म्हणजे त्याचं अप्रूप टिकतं.

मग एकच विनंती करा, चार नकोत: "ती रडली तर फोन देऊ नका, आम्हाला हाक मारा. रडण्याची जबाबदारी आमची." त्यांना रडणं बघवत नाही हे खरं असतं, तुम्ही येऊन ते रडणं सांभाळलंत तर ते तुमच्या बाजूला उभे राहतात. त्यांना नातवंडांबरोबर काही बघायचंच असेल तर ते धाकटीच्या त्या दोन भागांपैकी एक धरा आणि एकत्र बघू द्या. लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल यात मोजायची गरज नाही, ते खरं बोलणं आहे.

मुलांसमोर मात्र मोठ्यांमध्ये वाद नको. आजोबांनी फोन दिलाच तर त्या क्षणी हिसकावू नका, भाग संपू द्या, बोलणं नंतर.

आता मोठ्याचा प्रश्न. बहुतेक सोशल मीडियावर खात्यासाठी किमान १३ वर्षं ही अट असते. ती आली अमेरिकेच्या १९९८च्या एका कायद्यातून, जो १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई करतो. म्हणजे १३ हा आकडा मुलाच्या मनाच्या तयारीवरून काढलेला नाही, तेराव्या वाढदिवसाला आपोआप हो म्हणायचं कारण नाही. नवव्या वर्षी खोटं वय टाकून खातं उघडलं तर ॲप त्याला मोठा समजूनच वागवतं, आणि मुलांसाठी असलेले बचाव लागूच होत नाहीत. हे त्याला असंच सांगा. ९ वर्षांचा मुलगा कारण समजू शकतो.

"नाही" बरोबर "काय चालेल" हेही सांगा. गेममध्ये अनोळखी लोकांशी गप्पा बंद, प्रत्यक्ष ओळखीच्या मित्रांबरोबर ठरलेल्या वेळी खेळणं चालू, आवाज हेडफोनमधून न येता स्पीकरवर, आणि खेळायची जागा बाहेरची खोली. स्पीकरचा नियम साधा आहे पण बोलण्याची भाषा त्यानं फार लवकर सुधारते, दोन्ही बाजूंची.

आणखी एक वचन तुम्ही त्याला द्यायचं आहे. त्यानं पडद्यावर काही घाबरवणारं, घाणेरडं बघितलं किंवा कुणी विचित्र काही विचारलं आणि त्यानं येऊन सांगितलं, तर त्याचा टॅब काढून घेतला जाणार नाही. मुलं अशा गोष्टी लपवतात त्याचं मोठं कारण शिक्षेपेक्षाही उपकरण जाण्याची भीती हे असतं. सांगायला आल्यावर तुमचं पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच. मग एकत्र तो माणूस ब्लॉक करा, तक्रार नोंदवा, आणि त्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. आक्षेपार्ह चित्र मुलांचंच असेल तर मात्र स्क्रीनशॉट काढू नका, कुणाला पाठवूही नका, थेट पोलिसांकडे जा.

वेळापत्रक का टिकत नाही, याचंही थोडं. त्यात बहुधा दहा-बारा नियम असतात आणि सगळे मुलांसाठी. तीन नियम पुरे, आणि त्यातला निदान एक मोठ्यांनाही लागू असलेला: जेवताना कुणाचाच फोन नाही, बेडरूममध्ये कुणाचाच फोन नाही, ठरलेला वाटा संपला की बंद. नियम मोडला तर काय, हेही आधीच ठरवा. परिणाम छोटा आणि लगेचचा असावा. वीस मिनिटं जास्त खेळला तर उद्याची वीस मिनिटं कमी. "महिनाभर टॅब बंद" हे तुम्हालाच पाळता येत नाही, आणि तीन दिवसांनी मागे घेतलंत की नियमाची किंमत गेली. दर आठवड्याला पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसून बघा: काय जमलं, काय बदलायचं. मोठ्याला एखादा नियम सुचवू द्या. स्वतः सुचवलेला नियम मुलं जास्त पाळतात, आणि दोन महिने नीट पाळला तर थोडी मोकळीक वाढवा. मोकळीक वाढते हे दिसलं नाही तर पाळायचं कशासाठी, असं त्याला वाटणारच.

आरंभशाळा

निंबोणी यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. फक्त परिणामाबद्दल एक भर घालते. स्क्रीनशी संबंधित चूक असेल तरच स्क्रीन कमी करा. बहिणीला मारलं, गृहपाठ राहिला, ताट तसंच टाकून उठला, या प्रत्येकासाठी टॅब कापायला लागलात तर टॅब हीच घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू ठरते. "अभ्यास केलास तर अर्धा तास जास्त" याचंही तेच. त्यात अभ्यास म्हणजे भरायचा दंड आणि स्क्रीन म्हणजे खरी कमाई असा हिशोब मनात बसतो. "आधी गृहपाठ, मग ठरलेला वेळ" हा नुसता क्रम आहे, तो चालतो, कारण त्यात वाटा वाढत नाही. ताट टाकून उठला तर परत बोलावून ताट उचलायला लावा, तेवढंच पुरे.

आणि कौतुक करताना नेमकं करा. "शहाणा माझा" यातून त्याला काहीच कळत नाही. "हाक मारली तेव्हा गेम थांबवून बघितलंस" यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. धाकटीनं बटण स्वतः दाबलं की त्याच क्षणी सांगा, रात्री नको. चार वर्षांच्या मुलीला संध्याकाळचं कौतुक सकाळच्या वागण्याशी जोडता येत नाही.

पायरी

हा फरक लक्षात आला नव्हता, क्रम आणि बक्षीस यातला. शेवटचं विचारते: साधा हट्ट कुठे संपतो आणि डॉक्टरांना दाखवायची वेळ कधी येते?

शब्दवेध

रडणं, भुणभुण, टाळाटाळ, दार आपटणं हे नियम बदलताना अपेक्षितच आहे. तीन-चार आठवडे सगळ्या मोठ्यांनी एकसारखं वागूनही काहीच हललं नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. खालच्या गोष्टी दिसल्या तर तेवढंही थांबू नका: झोप सतत मोडते, रात्री लपून उपकरण घेतलं जातं, आधी आवडणारे खेळ आणि मित्र सुटतात, शाळेतून तक्रारी येऊ लागतात, बंद केल्यावर स्वतःला किंवा इतरांना इजा करण्यापर्यंत जातं. धाकटीच्या बाबतीत हाकेला प्रतिसाद न देणं पडदा नसतानाही दिसत असेल, बोलणं वयाच्या मानानं मागे असेल किंवा नजरेला नजर देत नसेल, तर सगळा दोष मोबाईलवर न टाकता आधी कानांची आणि वाढीची तपासणी करून घ्या. पुष्कळदा "मोबाईलमुळे ऐकत नाही" म्हणून महिने जातात आणि मूल खरोखर कमी ऐकत असतं.

गेमच्या अतिरेकाला जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्थान दिलं आहे, ते २०२२पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला अग्रक्रम, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. त्यामुळे जगणं ठळकपणे बिघडलेलं असावं लागतं आणि हे सहसा १२ महिने टिकलेलं असावं लागतं. सुट्टीत दोन आठवडे गेमचं वेड लागलं म्हणून हा शिक्का मारू नका, मुलासमोर "व्यसन" हा शब्द तर वापरूच नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवसांची नोंद करा: झोपायची आणि उठायची वेळ, स्क्रीन कधी आणि किती, काय बघितलं, रडणं किंवा राग कशानंतर आला आणि किती वेळ टिकला. अर्ध्या पानाची ही नोंद दाखवली की त्यांना तपासणीला दिशा मिळते.